चारबोटीचं खळं

खळं माझ्या बायकोनं केलं होतं. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण मधल्या काळात लोकांनी ते आभाळातून आलेल्यांच्या नावावर करून टाकलं.

आमचं रान लहान. गव्हाचा एकच तुकडा, वर रस्ता, खाली ओढा. एवढ्याशा रानात खळ्यासाठी जागा कायमची अडवून ठेवणं जमत नाही. म्हणून आम्ही दरवर्षी खळं करायचो आणि दरवर्षी मोडायचो. गहू कापून झाला की ती रानाच्या मधोमध खुंटी ठोकायची. खुंटीला दोरी, दोरीच्या टोकाला विळा. दोरी ताणून धरत ती गोल फिरायची आणि विळ्याच्या टोकानं जमिनीवर रेघ ओढायची. मग आतली ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, चिखलात भुसा कालवून लेप द्यायचा आणि लाकडी चोपण्यानं चोपत बसायचं. चोपायचं काम तिचं. मी पाणी आणायचो. मी चोपलं की खळ्याला उंचवटे राहायचे.

"खळं करताय की मगरीची पाठ?" असं म्हणून ती चोपणं माझ्या हातातून काढून घ्यायची.

मळणी झाली, धान्य घरात गेलं की मधली मेढ उपटायची. मेढ म्हणजे ज्या खांबाभोवती बैल फिरतात तो खांब. त्याचा खड्डा ती ओल्या मातीनं भरायची आणि वरून डावा पाय दाबायची. एकदाच, सगळा भार टाकून.

"मिटलं," म्हणायची. दार लावून घेतल्यासारखं. "आता घाला नांगर."

तिच्या डाव्या पायाला चारच बोटं होती. लग्न झालं त्या वर्षी लाकडं फोडताना कुऱ्हाड घसरली आणि करंगळी गेली. गावातल्या बायका तिला चारबोटी म्हणायच्या, तोंडावर म्हणायच्या. ती म्हणायची, "बरं आहे की, एक नख कमी कापावं लागतं."

गेल्या वर्षीच्या मळणीनंतरही तिनं खड्डा भरला, पाय दाबला, नांगर घाला म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंथरुणातून उठली नाही. अंग तापलेलं, डोळे पिवळे. बैलगाडीत गवत पसरून तिला दवाखान्यात नेलं. दवाखाना उघडा होता, डॉक्टर नव्हता. औषधं होती, पण ती कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली डॉक्टरकडे. नर्स बिचारी पाणी पाजत होती. आम्ही बाकावर बसलो. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती आणि कपाटाकडे बघत होती. काचेचं कपाट. आतल्या बाटल्या दिसायच्या. डॉक्टर उद्या येईल, उद्या येईल, असं करत करत ती त्या बाकावरच गेली.

मी खळ्यात नांगर घातला नाही. हात धजेना. पायाच्या ठशावर लोखंडी घमेलं पालथं घातलं, त्यावर दगड ठेवला, वरून ताडपत्री ओढली. पावसाळा तसाच काढला. पेरणीच्या वेळी खळ्याच्या कडेकडेनं गहू पेरला. गहू उगवला, हिरवागार झाला आणि मधोमध तेवढं टक्कल राहिलं. लेक सासरहून आली तेव्हा बांधावर उभी राहून बघत होती. कडेला उगवलेलं गवत तिनं उपटून टाकलं.

गहू गुडघ्याएवढा झाला असताना ते आभाळातून पडलं.

दुपारची वेळ. मी गव्हाला पाणी देताना पाटाचं दार फिरवत होतो. डोक्यावरून पत्रा फाटल्यासारखा आवाज गेला आणि ओढ्यापलीकडच्या पडीक रानात धूळ उडाली. बैल दावं तोडून पळाले. मी आधी बैल धरले, मग बघायला गेलो. पाण्याच्या पिंपाएवढं काहीतरी होतं. करपलेलं, एका बाजूनं चिरलेलं. जळालेल्या वायरीचा वास येत होता. जवळ गेलो तर तोंडावर धग लागली म्हणून मागे सरकलो. बस्स. मी पाहिलं ते एवढंच.

संध्याकाळच्या आत सरकारी ट्रक आला. हातमोजे घातलेली माणसं उतरली. त्यांनी ते ताडपत्रीत गुंडाळलं आणि चढवलं. त्यांच्यातला एक मला म्हणाला, "हवामानाचा फुगा होता."

"फुगा नव्हता वाटला," मी म्हणालो. "पिंपासारखं होतं."

"फुग्याखाली पेटी असते."

"मग फुगा कुठं आहे?"

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "कुणी विचारलं तर फुगाच सांगा."

"कुणी विचारलं तर जे दिसलं ते सांगेन," मी म्हणालो. तो हसला आणि ट्रकमध्ये चढला.

तिथून सगळं सुरू झालं. फुगा होता तर एवढ्या घाईनं का नेला? आणि हातमोजे कशाला? गावात जो तो हेच विचारायला लागला, आणि विचारण्यात चूक काही नव्हती. मलाही तेच वाटत होतं. पण माणसाला उत्तर मिळालं नाही की तो घरीच बनवतो. आठवडाभरात पिंपाची उडती तबकडी झाली. तबकडीला दिवे लागले. मग तबकडीतून कुणीतरी उतरलं.

शहरातून माणसं यायला लागली. त्यांचा म्होरक्या उंच, किडकिडीत, गळ्यात कायम दुर्बीण. गावानं त्याला दुर्बीणच म्हणायला सुरुवात केली. माणूस वाईट नव्हता. मला काका म्हणायचा, बांधावर चपला काढून यायचा. त्यानं उडता कॅमेरा वर सोडला आणि वरून काढलेला फोटो मला दाखवला. हिरव्या रानाच्या मधोमध माझ्या बायकोचं खळं. वरून मी ते कधी बघितलं नव्हतं. इतकं गोल होतं की मी बोटानं त्याची कड फिरवून बघितली.

"काका, ही आहे उतरण्याची जागा," दुर्बीण म्हणाला. "आधी इथे टेकली, मग उसळून पलीकडे पडली."

"खळं आहे ते. मळणीचं."

"गव्हाच्या मधोमध? उभ्या पिकात कुणी खळं ठेवतं का?"

कुणी ठेवत नाही, हे खरंच होतं. "मी ठेवलं," म्हणालो.

"का?"

ते मी त्याला सांगितलं नाही. अनोळखी माणसाला काय सांगायचं?

दोन दिवसांनी ओढ्यावरून वर आलो तर ताडपत्री बाजूला, दगड बाजूला, घमेलं उलथं पडलेलं. सात-आठ जण गुडघ्यावर बसून आत बघत होते. एका बाईच्या डोळ्यांत पाणी होतं.

"चार बोटं," ती म्हणाली.

"आणि कुणीतरी मुद्दाम झाकून ठेवलं होतं," दुसरा म्हणाला.

मी घमेलं उचललं आणि परत पालथं घातलं. "पाय माझ्या बायकोचा आहे. हात लावायचा नाही."

त्यांनी एकमेकांकडे बघितलं. दुर्बीण हळू आवाजात म्हणाला, "काका, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?"

त्या दिवसापासून माझ्या रानात खळ्याभोवती दोरी लागली. मी लावलेली नव्हे, त्यांनी. गावाच्या पुढाऱ्यानं परवानगी दिली होती. रान माझं आणि परवानगी त्याची. रस्त्याच्या कडेला माझ्या मेहुण्यानं चहाचं दुकान टाकलं. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. लग्नानंतर तिनंच त्याला आमच्या घरी आणून अंगाखांद्यावर वाढवलेला. चहाच्या किटलीशेजारी तो कागदाच्या पुड्या मांडून बसायचा. पुड्यांत माती.

"कुठली माती ही?" मी विचारलं.

"खळ्याच्या कडेची, दाजी. थोडीशीच काढलीय."

"तिच्या हातचा लेप आहे तो."

"म्हणून तर लोक घेतायत." मग त्याची नजर खाली गेली. "तसं नव्हतं म्हणायचं मला."

हळूहळू गोष्टीत माझी बायकोही शिरली. ती मेली होती तबकडी पडायच्या कितीतरी आधी, पण गोष्टीला आधी-नंतर कुठं कळतं? ती उजेडाकडे बघत उभी राहिली, म्हणून तिचे डोळे पिवळे झाले. ती मेलीच नाही, तिला नेलं. लेकीच्या सासरीसुद्धा हे पोचलं. तिच्या सासूनं तिला विचारलं, तुझ्या अंगात तसलं काही नाही ना? लेक रागारागानं माहेरी निघून आली.

"बाबा, सगळं गाव आईला चारबोटी म्हणायचं. आता एकालाही आठवत नाही?"

"आठवतंय. सगळ्यांना आठवतंय."

"मग बोलत का नाहीत?"

"गिऱ्हाईक जाईल म्हणून."

गहू पिकला. आम्ही दोघांनी कापला. कापताना बांधावरून लोक फोटो काढायचे. लेकीनं एकदा विळा उगारून विचारलं, "या ना, एक ओळ कापून बघा!" एक पोरगी खरंच आली. मूठभर कापला आणि बोटाला फडकं बांधून परत गेली. पेंढ्यांची रास खळ्याशेजारी लागली. आता मळणी करायची तर खळं पाहिजे आणि खळ्याला दोरी. मळणीचं यंत्र आमच्या रानात उतरत नाही, रस्त्यावरून उतार फार आहे. पेंढ्या उन्हात तडतडायला लागल्या. दाणे गळायला लागले. पाखरं येऊन बसायला लागली.

तेवढ्यात पुढारी घरी आला. चहा घेतला आणि म्हणाला, "परवा कार्यक्रम आहे. ठसा मातीसकट कापून शहरात नेणार. काचेच्या पेटीत ठेवणार. गावाचं नाव होईल. तू फक्त दोन शब्द बोलायचे."

"कुठले दोन?"

"उजेड दिसला म्हणायचं. तेवढं पुरे."

"बोलतो दोन शब्द," मी म्हणालो.

त्या दिवशी रस्त्याच्या कडेनं गाड्याच गाड्या होत्या. गाव सगळं जमलेलं. दुर्बिणीच्या माणसांनी ठशाभोवती चौकोन आखला होता. फावडी आणि लाकडी खोकं तयार होतं. मला पुढे बोलावलं. माझ्या हातात बोलायचं यंत्र दिलं. ते मी खाली ठेवलं. रानात बोलायला मला यंत्र लागत नाही.

"हा पाय माझ्या बायकोचा आहे," मी म्हणालो. "दरवर्षी मळणी झाली की ती असाच पाय द्यायची. करंगळी कुऱ्हाडीनं गेली होती. गावानं सांगावं."

गावानं सांगितलं नाही. लोहार आपल्या नखांकडे बघत होता. तिला तोंडावर चारबोटी म्हणणाऱ्या बायका पदर सारखे करत होत्या.

ती रडलेली बाई पुढे आली. तिनं खरंच मायेनं विचारलं, "त्यांच्या पायाचा एखादा फोटो आहे का?"

"पायाचा फोटो कोण काढतं, बाई?"

तेव्हा लेक पुढे आली. तिच्या हातात आईची जुनी चप्पल होती. डाव्या पायाची. घरात दाराच्या मागे पडून होती, ती मी उचललेली नव्हती. चामड्यावर चार बोटांचे काळे खळगे पडलेले होते. लेकीनं घमेलं बाजूला केलं, गुडघ्यावर बसली आणि चप्पल ठशाशेजारी ठेवली. टाच तेवढीच. बोटं तेवढीच. करंगळीच्या जागी तसंच सपाट.

सगळे वाकून बघत होते. मला वाटलं, संपलं. आता हे दोरी सोडतील.

दुर्बिणीनं बराच वेळ चप्पल बघितली. मग उठला. चेहरा उजळला होता त्याचा.

"म्हणजे त्यांनी तिच्याच पायाची नक्कल केली," तो म्हणाला. "तिला आधीच गाठलं होतं त्यांनी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. लेक चप्पल हातात घेऊन उभी राहिली, चपराक बसल्यासारखी.

त्या क्षणी मला कळलं की यांच्यापुढे मी बायको जिवंत आणून उभी केली असती तरी यांनी तिलाही पेटीत घातलं असतं. मग मी बोलायचं थांबवलं आणि बैलांकडे गेलो. बैल बांधाखाली बांधलेले होते. जू घातलं, नांगर जोडला. खळ्यात तो शेवटचा घातला होता, तेव्हा ती कमरेवर हात ठेवून बघत होती.

नांगर घेऊन वर आलो तसा कुणीतरी ओरडला, "पुरावा नष्ट करतोय!"

"अरे, शुद्धीवर आहेस का?" पुढारी म्हणाला. "सगळ्या गावाचं आहे हे!"

"मग शेतसाराही तू भर," मी म्हणालो.

शहरातली पोरं-पोरी दोरीला हात लावून साखळी करून उभी राहिली. दुर्बीण हात पसरून नांगरापुढे आला. "काका, हे तुमचं एकट्याचं नाही. माणसाला कळायला हवं."

"माणसाला काय काय कळायला हवं ते मी सांगतो," मी म्हणालो. "माझी बायको दवाखान्याच्या बाकावर मेली. समोर औषधाचं कपाट होतं आणि किल्ली नव्हती. तिथं जा. तिथं लावा तुमची यंत्रं. तो बाक अजून आहे, ते कुलूप अजून आहे. आभाळातून आलेल्यांनी तिला मारलं असतं तर तुम्ही शंभर कोसांवरून येता. इथल्यांनी मारली तर कुणी दोन कोसांवरून आलं नाही."

कुणी जागचं हललं नाही.

मग चहाच्या दुकानातून मेहुणा आला. हातात कप पुसायचं फडकं होतं, ते त्यानं खांद्यावर टाकलं. दोरीपाशी आला आणि गाठ सोडायला लागला.

"तुम्ही तर म्हणाला होता तुमच्या बहिणीनं उजेड पाहिला," दुर्बीण म्हणाला. "माझ्याकडे तुमचा आवाज आहे."

"साहेब, मी चहा विकतो. चहाबरोबर काहीतरी द्यावं लागतं." गाठ सुटेना म्हणून त्यानं दातात धरली. सुटली. "चारबोटी म्हणायचे तिला. मी स्वतः म्हणायचो, लहानपणी. मला पाठीवर घेऊन पळायची ती. मऊ मातीत हाच ठसा पडायचा. चार बोटांचा." त्यानं गावाकडे तोंड फिरवलं. "आता गप्प काय बसलाय? मेल्यावर लाज वाटते का तिची?"

मागून एक म्हातारी बोलली. फार मोठ्यानं नाही. "चारबोटीच होती. माझ्या पोरीच्या बाळंतपणाला रात्रंदिवस बसली होती." मग दुसरी म्हणाली, "ती म्हणायची नाही का, एक नख कमी!" दोघी-तिघी हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले.

मी बैलांना हाक दिली. दुर्बीण बाजूला झाला नाही. मेहुण्यानं त्याला दंडाला धरून बाजूला घेतलं, पाहुण्याला दारातून घ्यावं तसं.

खळं दगडासारखं झालं होतं. फाळ आत शिरेना. मी रुमण्यावर, नांगराच्या मुठीवर, सगळा भार टाकला. लेक बैलांच्या पुढे चालली. पहिल्या तासाला, म्हणजे नांगराच्या पहिल्या रेघेला, नुसते ओरखडे उठले, दुसऱ्याला माती फुटली. तिनं चोपलेले थर पोळ्यातल्या मेणासारखे एकेक होऊन उलथत होते. ठशापाशी आलो. बैल आपोआप थांबले. सवयच होती त्यांना, मेढीच्या जागी वळायची.

लेकीनं माझ्याकडे बघितलं. "बाबा, मोडायचा?"

"तिनं सांगितलंय घाला म्हणून."

फाळ ठशातून गेला. टाच एकीकडे पडली, बोटं एकीकडे. मला वाटलं होतं काहीतरी तुटेल माझ्यात. तुटलं नाही. खाली ओली माती होती, काळी, आणि तिला चांगला वास होता.

दोन-तीन जण फुटलेली ढेकळं उचलून पिशवीत घालत होते. घालू दे म्हटलं. रानात ढेकळांना तोटा नाही.

संध्याकाळपर्यंत गाड्या गेल्या. आम्ही तिथेच नवं खळं करायला घेतलं. लेकीनं खुंटी ठोकली. मी दोरी धरून फिरलो. विळा दोन ठिकाणी हातातून सुटला. मेहुण्यानं पाणी आणलं, मी चोपलं. दुसऱ्या दिवशी उजेडात बघितलं तर खळं एका बाजूनं फुगलेलं होतं आणि सगळीकडे उंचवटे.

"मगरीची पाठ," लेक म्हणाली. तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. आईकडूनच ऐकलं असेल.

मळणी झाली. दाणे नेहमीपेक्षा कमी भरले, गळाले होते ना. पण घरात गेले. मेढ उपटली. मेहुण्यानं खड्डा ओल्या मातीनं भरला आणि तिघंही तसेच उभे राहिलो.

"कुणी द्यायचा पाय?" मेहुण्यानं विचारलं.

लेक माझ्याकडे बघत होती. मी चप्पल काढली आणि डावा पाय दाबला. एकदाच, सगळा भार टाकून. उचलला तर पाची बोटं स्वच्छ उमटली होती.

रस्त्यावर एक गाडी थांबली होती. काच खाली करून माणसानं विचारलं, "तो ठसा इथेच होता ना? आता काय आहे तिथे?"

"माझा पाय आहे," मी ओरडून सांगितलं. "पाच बोटं आहेत. या, मोजा."

तो आला नाही. मी नांगरासाठी बैल आणायला गेलो.